शून्य आकडा दिसला म्हणून टाकी तयार झाली असे होत नाही

आपल्या प्रश्नातून मला परिस्थिती अशी समजली. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी लावून आपल्याला बारा दिवस झाले आहेत. तळाशी धुतलेली वाळू आहे, टांगता फिल्टर सुरू आहे, पाणी सोसायटीच्या बोअरचे आहे आणि ते काचेसारखे स्वच्छ दिसते. टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट लीटरला साधारण २० मिलिग्रॅम येते. दुकानदाराने चोवीस तासांनी मासे सोडायला सांगितले होते. मासे पाळणाऱ्या मित्राने हे आकडे पाहून ‘सायकल पूर्ण झाली’, म्हणजे माशांना विषारी असलेला अमोनिया संपवणारे जीवाणू टाकीत वसले, असा निर्वाळा दिला, तर इतरत्र सहा आठवडे थांबा असे वाचल्यामुळे आपण गोंधळला आहात. घरातली मुले रोज विचारत असतानाही आपण थांबलात, हे फार चांगले केलेत, कारण माझ्या मते ही टाकी अजून तयार नाही आणि तसे मानण्याची कारणे आपल्याच आकड्यांत आहेत.

दुकानदार आणि मित्र या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण ते दोघे वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. चोवीस तास थांबण्याचा सल्ला मुळात नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जावे, पाण्याचे तापमान खोलीइतके व्हावे आणि टाकी कुठे गळते का ते कळावे, यासाठी असतो. तेवढ्यापुरता तो योग्यच आहे. मित्राने सांगितलेले चित्रही, म्हणजे अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि थोडे नायट्रेट, नीट बसलेल्या टाकीचेच असते. परंतु ज्या टाकीत मासे आहेत, रोज खाद्य पडते आणि तरीही हे आकडे येतात, त्या टाकीबद्दल ते बोलते. आपल्या टाकीत अमोनिया तयार करणारे काहीच नाही. जिथे अमोनिया आलाच नाही, तिथे तो शून्य दिसणार, आणि अमोनियाच नाही म्हटल्यावर त्यापासून होणारे नायट्राइटही शून्यच राहणार.

मग २० नायट्रेट कुठून आले? थोडा हिशोब करून पाहू. एक लीटर पाण्यात २० मिलिग्रॅम नायट्रेट तयार व्हायला साधारण ६ मिलिग्रॅम अमोनियम, म्हणजे पाण्यातल्या अमोनियाचेच एक रूप, खर्ची पडावे लागते. आपल्या टाकीत वाळू आणि पाण्याच्या वर सोडलेली जागा वजा जाता सुमारे १०० लीटर पाणी असेल, म्हणजे या बारा दिवसांत अर्ध्या ग्रॅमहून अधिक अमोनियम कुठून तरी यायला हवे होते. रिकाम्या टाकीत ते येण्याचा मार्ग नाही. तेव्हा ते नायट्रेट बोअरच्या पाण्यातूनच आले असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे. शेतीतील खते, सेप्टिक टँक आणि सांडपाण्याचा झिरपा यांमुळे आपल्याकडील अनेक बोअरच्या पाण्यात नायट्रेट असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लीटरला ४५ मिलिग्रॅम ठेवलेली आहे, त्यामुळे २० ही काही चिंतेची बाब नाही. आजच थेट बोअरच्या नळाचे पाणी घेऊन त्याच किटने नायट्रेट मोजा. तेही २० च्या आसपास निघाले, तर टाकीतल्या नायट्रेटवरून सायकलविषयी कोणताही निष्कर्ष काढता येणार नाही.

म्हणून मूळ प्रश्न ‘किती दिवस झाले’ असा न ठेवता ‘रोज पडणारा अमोनिया ही टाकी रोजच्या रोज संपवू शकते का’ असा ठेवावा. तयारी ही पाण्याची अवस्था म्हणून पाहू नये. फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूच्या कणांवर वसलेल्या जीवाणूंची ती क्षमता असते, आणि क्षमता ओझे टाकल्याशिवाय कळत नाही. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतात आणि उरलेले खाद्य व विष्ठा कुजून त्यात भर पडते. जीवाणूंचा एक गट या अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्राइटही घातकच असते. ते कल्ल्यांतून रक्तात शिरून हिमोग्लोबिनचे रूप असे बदलते की, पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि नियमित पाणी बदलून आटोक्यात ठेवता येते.

आपल्या बाबतीत घाई करू नये असे मी आग्रहाने सांगतो, त्याचे आणखी एक कारण बोअरच्या पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे याचा आकडा, हे आहे. किटवर दिसणारा अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यांपैकी एकच रूप माशांना तीव्र विषारी असते. पाण्याचे तापमान २५ अंश आणि पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग या विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग साडेपाच टक्क्यांच्या आसपास जातो आणि साडेआठला पंधरा टक्क्यांपर्यंत पोहोचतो. दख्खनच्या पठारावरील बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि त्याचा पीएच चढा असतो. शिवाय जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्यामुळे नळातून काढल्याबरोबर मोजलेला पीएच खोटा कमी येतो. बादलीत एअर पंप लावून एक दिवस हवा द्या आणि मग मोजा. टाकीतही तोच पीएच राहणार आहे. मुंबईच्या तलावांच्या सौम्य पाण्यात ज्या अमोनियात मासे कसेबसे तगतात, त्याच अमोनियात आपल्या पाण्यातले मासे दगावू शकतात. त्यामुळे ‘माझ्याकडे तर काही झाले नाही’ असा इतरांचा अनुभव आपल्या टाकीला लावून पाहू नये.

जड पाण्याचा एक फायदाही आपल्या पदरात आहे. जीवाणू अमोनियाचे रूपांतर करताना पाण्यातील कार्बोनेट क्षारता, म्हणजे पीएच घसरू न देणारे क्षार, खर्च करतात. सौम्य पाण्यात ती लवकर संपते, पीएच घसरतो, आणि तो साडेसहाच्या खाली जाऊ लागला की जीवाणूंचे काम मंदावते व सहाच्या खाली जवळजवळ थांबते. पुण्या-मुंबईचे पुष्कळ लोक ‘मधेच सायकल अडकली’ म्हणतात, तेव्हा मी आधी त्यांना पीएच मोजायला सांगतो. आपल्याला ही अडचण येण्याची शक्यता कमी आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. जीवाणूंना मासे न सोडता अमोनिया पुरवायचा आणि त्यासाठी माझ्या मते सर्वांत चांगला पदार्थ म्हणजे अमोनियम क्लोराइड, म्हणजेच आपला नवसागर. कल्हईवाले वापरतात तोच हा पदार्थ आहे, पण बाजारातला कल्हईचा नवसागर टाकीत घालू नका, कारण त्यात इतर काय मिसळलेले आहे याची खात्री नसते. प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्या दुकानातून शुद्ध प्रतीचा घ्या. एक लहान बाटली वर्षानुवर्षे पुरते. त्यातले ६ ग्रॅम १०० मिलिलीटर पाण्यात विरघळवून बाटलीवर नाव लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. या द्रावणाचे १० मिलिलीटर १०० लीटर पाण्यात घातले, की अमोनिया लीटरला सुमारे २ मिलिग्रॅम होतो. घालून अर्ध्या तासाने किटने मोजून खात्री करून घ्या, कारण टाकीतले नेमके पाणी किती हे अंदाजाने ठरवलेले असते आणि निरनिराळे किट थोड्या वेगळ्या एककांत आकडा देतात. फरशी पुसण्याचा सुवासिक अमोनिया वापरू नये. काही जण चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू देतात किंवा कोळंबीचा तुकडा ठेवतात. त्यानेही सायकल होते, परंतु किती अमोनिया तयार झाला ते आपल्या हातात राहत नाही आणि घरात वास सुटतो तो वेगळाच.

पहिले काही दिवस काहीच घडत नाही असे वाटेल. मग अमोनिया उतरू लागेल आणि नायट्राइट वर चढेल. अमोनिया अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली आला की पुन्हा द्रावण घाला, पण रोज डोळे मिटून घालू नका. नायट्राइटचा टप्पा बहुतेक वेळा अमोनियाच्या टप्प्याहून लांबतो आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. दुसऱ्या गटाच्या जीवाणूंचे अन्न मुळात पहिल्या गटाने तयार करायचे असते, त्यामुळे त्यांची वाढ उशिराच सुरू होते, आणि दोन्ही गट कुजवणाऱ्या सामान्य जीवाणूंपेक्षा कितीतरी हळू वाढतात. नायट्राइट किटच्या सर्वांत गडद रंगापर्यंत गेले, तर नवसागर घालणे थांबवा आणि निम्मे पाणी बदला. या काळात नायट्रेटच्या आकड्यावर विसंबू नका, कारण घरगुती किट नायट्रेटचे आधी नायट्राइट करून मगच रंग दाखवतात, म्हणून पाण्यात नायट्राइट असेल तर नायट्रेटही फुगवून दिसते. ज्या किटमध्ये नायट्रेटसाठी दोन बाटल्या असतात, त्यातल्या दुसऱ्या बाटलीतील भुकटी तळाशी बसते. ती प्रत्येक वेळी जोरात हलवली नाही, तर आकडा उलट फार कमी येतो.

फिल्टर दिवसरात्र चालू राहिला पाहिजे. आवाज होतो म्हणून किंवा वीज वाचावी म्हणून रात्री फिल्टर बंद करण्याची सवय आपल्याकडे अनेक घरांत आहे आणि नव्या टाक्या न बसण्याच्या कारणांत मी ती फार वरची मानतो. या जीवाणूंना भरपूर प्राणवायू लागतो. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन (म्हणजे अमोनियातील फक्त नायट्रोजनचे वजन) संपवायला त्यांना साडेचार मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू खर्च करावा लागतो, आणि बंद फिल्टरच्या डब्यात साचलेल्या पाण्यातला प्राणवायू पाहता पाहता संपतो. भारनियमन होत असेल, तर बॅटरीवर चालणारा एअर पंप आणून ठेवा. दिवा मात्र या दिवसांत लावण्याची गरज नाही, त्याने फक्त शेवाळ वाढेल. फिल्टर मंदावला तर त्यातला स्पंज नळाखाली धुऊ नका. बादलीत टाकीचेच पाणी घेऊन त्यात हलकेच पिळा. आपले बोअरचे पाणी बिनक्लोरीनचे असले, तरी उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला किंवा गच्चीवरच्या टाकीत क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली, तर तेच पाणी जीवाणूंना मारक ठरते. त्या काळात पाणी बदलताना अँटी-क्लोरीन वापरा. दुकानातून टाकीबरोबर दिलेले निळे औषध, म्हणजे मिथिलिन ब्ल्यू, ‘खबरदारी म्हणून’ घालू नका. आजारी नसलेल्या, किंबहुना अजून आलेल्याच नसलेल्या माशांना औषधाची गरज नाही आणि त्याने फिल्टरमधील जीवाणूंचे नुकसान होते.

या सगळ्याला किती दिवस लागतील, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. पाणी २५ ते ३० अंश असेल तर साधारण तीन ते सहा आठवडे हा माझा अंदाज आहे. थंडीत पाणी २० अंशांच्या खाली जात असेल तर अधिक लागतील, त्यासाठी हीटर लावलेला बरा. भरपूर पाणवनस्पती लावलेल्या टाकीत वनस्पतीच अमोनियाचा मोठा वाटा उचलतात, त्यामुळे तिचा हिशोब वेगळा असतो. वेळ कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आपल्या मित्राच्याच घरी आहे. त्यांच्या जुन्या, निरोगी टाकीच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा किंवा मूठभर सिरॅमिक रिंगा ओल्या अवस्थेत आणून तासाभरात आपल्या फिल्टरमध्ये ठेवल्या, तर त्या विरजणासारखे काम करतात आणि आठवड्यांचे काम पुष्कळदा काही दिवसांवर येते. अट एकच, त्या टाकीत अलीकडे कोणता रोग झालेला नसावा, कारण जीवाणूंबरोबर रोगही येतो.

बाटलीतल्या जीवाणूंबद्दलही आपण विचारले आहे. काही उत्पादने उपयोगी पडतात, पण बाटली कारखान्यापासून दुकानापर्यंत कोणत्या उन्हातून आली, हे आपल्याला कळत नाही. शिवाय टिमथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत नायट्राइट संपवण्याचे काम पूर्वी समजले जाई तसे नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पायरासारखे जीवाणू करतात. लेबलवर नुसते नायट्रोबॅक्टर लिहिलेले असेल, तर मी त्यावर पैसे खर्च करणार नाही. चांगली बाटली वापरली तरी शेवटची चाचणी टळत नाही.

ती चाचणी अशी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की एका संध्याकाळी पुन्हा २ मिलिग्रॅमचा पूर्ण डोस घाला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजा. चोवीस तासांत दोन्ही शून्य झाले असतील, तर त्याच संध्याकाळी पुन्हा घाला आणि पुन्हा मोजा. लागोपाठ दोन-तीन दिवस असेच उत्तर आले, तर टाकी तयार आहे, मग टाकी लावून तीन आठवडे झालेले असोत की आठ. अमोनिया शून्य झाला पण नायट्राइट उरले, तर ती तयार नाही. तीन महिने झाले असले तरीही नाही. पाण्याची स्वच्छता, मधेच आलेला पांढुरका गढूळपणा, काचेवरचा तपकिरी थर, कुठून तरी आलेल्या गोगलगायी, यांपैकी कशालाही मी तयारीची खूण मानत नाही. गढूळपणा बहुधा सामान्य जीवाणूंच्या वाढीमुळे येतो आणि तपकिरी थर हे एक प्रकारचे शेवाळ असते. अमोनिया संपवण्याशी त्यांचा थेट संबंध नाही.

२ मिलिग्रॅम हाच आकडा का, असे आपल्याला वाटेल. माशांच्या १ ग्रॅम कोरड्या खाद्यातून, त्यातील प्रथिनांच्या प्रमाणानुसार, साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. १०० लीटरमधील २ मिलिग्रॅमचा डोस त्या हिशोबाने दिवसाला ४ ते ५ ग्रॅम खाद्याइतका होतो आणि एवढ्या टाकीतल्या लहान माशांना दिवसाला १ ग्रॅम खाद्यही क्वचितच लागते. म्हणजे ही चाचणी गरजेपेक्षा कडक आहे, आणि ती तशीच असावी असे मला वाटते. मुले कधीतरी मूठभर खाद्य टाकतात, एखादा मासा दगडामागे मरून पडतो, चार तास वीज जाते. त्या दिवशी ही शिल्लक क्षमता माशांना वाचवते. फार थोडे मासे ठेवायचे असतील, तर १ मिलिग्रॅम चोवीस तासांत संपणेही मी पुरेसे मानेन.

चाचणी पार पडली की निम्म्याहून अधिक पाणी बदलून साचलेले नायट्रेट बोअरच्या मूळ आकड्याजवळ आणा आणि एक-दोन दिवसांत मासे सोडा. लगेच सोडणे शक्य नसेल, तर थोडे थोडे द्रावण घालत राहा, कारण अन्नाविना ही क्षमता हळूहळू घटते. इतकी तयारी केलेल्या टाकीत मासे एकदम सोडले तरी फिल्टर ते पेलेल. तरीही मी दोन टप्प्यांत सोडायला सांगेन, कारण नव्या माशांबरोबर रोग आला, तर तो आधीच्या टप्प्यातच कळतो. गप्पी आणि मॉली आपल्या जड पाण्यात चांगल्या रमतील. गोल्डफिशबाबत मात्र माझे मत प्रतिकूल आहे. ते मोठे होतात, फार घाण करतात, त्यांना थंड पाणी मानवते, आणि १०० लीटरची टाकी त्यांना लवकरच अपुरी पडते. मुलांना ते आवडतात हे मी जाणतो, पण गप्पींबरोबर ते या टाकीत ठेवू नयेत.

हे वाचण्यापूर्वी आपण मासे आणलेच असतील, तर ते परत करण्याचा प्रयत्न करा. ते शक्य नसल्यास खाद्य एका दिवसाआड चिमूटभर द्या, रोज मोजा आणि अमोनिया किंवा नायट्राइट पाव मिलिग्रॅमच्या वर गेले की त्याच दिवशी निम्मे पाणी बदला. नायट्राइट वाढलेले असताना थोडे खडेमीठ, १० लीटरला १ ग्रॅम या प्रमाणात, विरघळवून घातले, तर त्यातील क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरण्याला अडथळा होतो. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसले, तर मोजणीची वाट न पाहता आधी पाणी बदला.

मासे सोडल्यानंतरही पहिले दोन आठवडे दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजत राहा. बोअरच्या पाण्याचे नायट्रेट, हवा दिल्यानंतरचा पीएच आणि आपल्याकडे थंडीत टाकीचे पाणी किती अंशांपर्यंत उतरते, हे तीन आकडे कळवलेत, तर किती मासे ठेवावेत आणि हीटर किती वॉटचा घ्यावा, हे मला अधिक नेमकेपणाने सांगता येईल.